अविवाहित आईचा खटला पडद्यावर आणायचा तर

लग्नाशिवाय आई होणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत नव्हता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. तरी या विषयावरच्या बऱ्याच पटकथांत नायिका आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते, सरकारी वकील तिच्याकडे बोट रोखून समाजाच्या अब्रूबद्दल बोलतो आणि तिच्यावर नेमके कलम कोणते लावले आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हे चालून जाते, कारण तिथले कोर्टच लुटुपुटूचे आहे. खरे कोर्ट दाखवायचे असेल तर ती मोकळीक मिळत नाही. खऱ्या कोर्टात माणूस कागदावरून आत येतो. म्हणून ती कोणत्या कागदावर आली हे आधी ठरवा, संवाद नंतर लिहा.

कोणता कागद?

सर्वात जास्त नाट्य पोटगीच्या अर्जात आहे आणि नवख्या लेखकाला नेमका तोच नीरस वाटतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (जुने १२५) प्रमाणे बापाला अनौरस मुलाचीही पोटगी द्यावी लागते. अर्ज मुलाच्या हक्काचा असतो, आईच्या नव्हे. शीर्षकात मुलीचे नाव, ‘वय ३ वर्षे, अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई’ असे येते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची पालनकर्ती. आई स्वतः त्याची पत्नी नाही, त्यामुळे या कलमाखाली तिला स्वतःसाठी सहसा काही मागता येत नाही. दोघे नवराबायकोसारखे एका घरात राहिले असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ता आहे. चोरून भेटण्याचे संबंध त्यात बसत नाहीत. २०१० च्या डी. वेलुसामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. म्हणजे तिच्या स्वतःच्या आयुष्याचे जे नुकसान झाले, त्याचा रकानाच अर्जात नाही. हे कुणाच्या तोंडून वदवू नका. वकिलाने मसुद्यातला तिच्या खर्चाचा परिच्छेद पेनाने आडवा खोडला, एवढे पुरे.

पोटगीत आणखी एक सोय अशी, की समोरच्या माणसाला त्याच खोलीत यावे लागते आणि ‘से’, म्हणजे आपले लेखी म्हणणे, दाखल करावा लागतो. फौजदारी खटल्यात आरोपी गप्प बसू शकतो. इथे गैरअर्जदाराला लेखी सांगावे लागते: मूल माझे नाही, किंवा आहे पण माझी ऐपत नाही. पुष्कळदा एकाच ‘से’मध्ये दोन्ही लिहिलेले असते, परिच्छेद ४ मध्ये ओळखही नाकारलेली आणि परिच्छेद ९ मध्ये ‘पर्यायाने’ ऐपत नसल्याचे. ढोंग दाखवायला याहून चांगला दस्तऐवज लिहून मिळणार नाही.

दुसरा कागद पालकत्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिलेला निकाल याच विषयावरचा आहे: अविवाहित आईला मुलाचे एकटीने पालकत्व मागताना बापाचे नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही. त्या प्रकरणाची सुरुवात कशी झाली ते लक्षात ठेवा. नोकरी करणारी, शिकलेली बाई. तिला बचतीत आणि विम्यात मुलाला वारस म्हणून नेमायचे होते, आणि तिला सांगण्यात आले की बापाचे नाव द्या नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. एवढ्याशा फॉर्मसाठी प्रकरण दिल्लीतल्या खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथे हरून सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या प्रसंगासाठी बलात्कार, आत्महत्या, पाऊस वगैरे शोधत बसण्यापेक्षा असा एखादा फॉर्म शोधा.

तिसरा फौजदारी. लग्नाचे खोटे वचन देऊन ठेवलेले संबंध आता न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये वेगळा गुन्हा आहेत, शिक्षा १० वर्षांपर्यंत. पण वचन मोडले एवढ्याने भागत नाही. लग्न करायचेच नव्हते हा इरादा सुरुवातीपासून होता हे सिद्ध करावे लागते. इथे ती फिर्यादी असते आणि खटला सरकार चालवते, म्हणून सगळी सूत्रे सरकारी वकिलाकडे जातात. नायिका आपल्याच खटल्यात साक्षीदार होऊन बसते. हे जाणूनबुजून हवे असेल तरच घ्या.

तिलाच आरोपी करायचे असेल तर मुख्य कलमे ही: मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे (कलम ९४, २ वर्षांपर्यंत), १२ वर्षांखालील मुलाला टाकून देणे (कलम ९३, ७ वर्षांपर्यंत), किंवा थेट खून. इंग्लंडसारखा बालहत्येचा वेगळा, सौम्य गुन्हा आपल्याकडे नाही. त्यामुळे नवजात बाळ मेलेले सापडले की पोलिसांनी कोणते कलम लावले, यावर तिचे अख्खे आयुष्य ठरते. बाळ जिवंत जन्मले होते का, हा प्रश्न शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीत येतो. तो प्रसंग भाषणबाजीशिवाय लिहा.

मूल सोपवण्याचा मार्ग या यादीत नाही, कारण ते कोर्ट नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आई बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करते. अध्यक्ष आणि चार सदस्य, एक टेबल, समुपदेशन आणि मग फेरविचारासाठी दोन महिने. अविवाहित आईची एकटीची सही चालते. ‘साठ दिवसांत मन बदलू शकता’ हे वाक्य कारकुनी आवाजात म्हटले गेले तर मध्यंतर तिथेच येते.

साल आणि वय

कथा कोणत्या सालात घडते हे पहिल्या पानावर लिहा आणि मग प्रत्येक कलम त्याच्याशी ताडून पाहा. घटना जून २०२४ मधली असेल तर गुन्हा जुन्या संहितेखालीच नोंदला जाईल, खटला २०२६ मध्ये चालला तरी. पटकथेत ‘कलम ३७६’ (जुन्या संहितेतले, बलात्काराचे) आणि ‘कलम १४४ खाली पोटगी’ (नवे) एकाच पानावर आले की वाचणारा वकील तारखा ताडायला तिथेच थांबतो.

गर्भपाताचा प्रश्न प्रेक्षक विचारणारच: ‘मग तिने पाडला का नाही?’ उत्तर सालावर आहे. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याचे कारण फक्त विवाहित स्त्रीसाठी लिहिले होते. अविवाहितेला मानसिक आरोग्याच्या कारणाचा आधार घ्यावा लागे. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि काही गटांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे झाले. त्या २४ आठवड्यांत अविवाहित स्त्रिया येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. त्यानंतरची कथा असेल तर ‘लग्न झालं नाही म्हणून डॉक्टरने कायद्याने नकार दिला’ असे लिहू नका. डॉक्टरने नकार दिला असे लिहा. कायद्याचे नाव घेऊन खोटे बोलला असेही लिहा. तो जास्त खरा प्रसंग आहे.

वय १८ च्या खाली नेऊ नका, जोवर तुम्हाला पोक्सोचाच सिनेमा करायचा नाही. १७ वर्षांची मुलगी बाळंतपणाला आली की रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते, तिची संमती कायद्याने मोजलीच जात नाही, आणि समाजाच्या दुटप्पीपणाची कथा बाजूला राहून वेगळीच कथा सुरू होते.

जुना काळ हवा असेल तर मराठीत कच्चा माल उदंड आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते विधवांसाठी. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, जी अपिलात कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जो गदारोळ उठला, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. अशा कथेत कोर्टातला मुख्य माणूस गैरहजर असतो: मुलाचा बाप. त्याची रिकामी जागा सतत जाणवत राहील अशी मांडणी करा.

खोली

हातोडा काढून टाका. भारतीय न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. ज्युरीही नाही. गीतेवर हातही नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर खरे सांगेन असे म्हणायचे, बस. तालुक्याच्या कोर्टात वकिलाला गाऊन घालावा लागत नाही, काळा कोट आणि पांढरे बँड पुरतात, आणि उन्हाळ्यात कोटालाही सूट असते. संबोधन ‘सर’ किंवा ‘मॅडम’. ‘मी लॉर्ड’ उच्च न्यायालयात अजून कानावर येते, तालुक्याला हास्यास्पद वाटते.

जे घालायचे ते असे: दाराबाहेरचा पुकारा, बोर्डावरचा नंबर, शिरस्तेदाराच्या टेबलावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, तहकुबीचा अर्ज देऊन पुढची तारीख मागणारा वकील, आणि रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत, पडणारी एक ओळ: ‘गैरअर्जदार गैरहजर. तहकुबी अर्ज मंजूर.’ तीन महिने तिथल्या तिथे उडाले. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस लागल्यापासून ६० दिवसांत शक्यतो निकाली काढायचा असतो. चित्रपटात ही मुदत एकदा उच्चारा आणि मग मुलाचे दात येताना, चालताना दाखवत राहा. तालुक्याचे कामकाज मराठीत, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. प्रकरण वर उच्च न्यायालयात गेल्यावर नायिकेला आपल्याच आयुष्याबद्दल काय बोलले जाते आहे ते कळत नाही, हे फुकट मिळणारे दृश्य आहे.

मागच्या बाकांवर कोण बसले आहे, हा प्रश्न दिग्दर्शकाने नव्हे, लेखकाने सोडवायचा असतो. बलात्काराचा खटला बंद खोलीत चालतो, म्हणजे कुजबुजणारी गर्दी नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने उभा राहू शकत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि सुनावणीआधी समुपदेशकाकडे पाठवतात. उघडे कोर्ट, वकील आणि गर्दी हे तिन्ही एकत्र हवे असतील तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा पोटगीचा अर्जच बरा. अर्ज तो जिथे राहतो किंवा तिच्यासोबत जिथे शेवटचा राहिला, त्या जिल्ह्यात करता येतो. त्याचे गाव निवडलेत तर बाकांवर त्याचेच गावकरी येतात, आणि तेही तिला पाहायला आलेले नसतात. कुणाची बांधाची भानगड, कुणाचा चेक वटला नाही, कुणी सुनेच्या केसमध्ये जामिनावर. आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत ते हिची साक्ष ऐकतात आणि मान हलवतात. प्रत्येकाच्या हातात आपली फाइल असू द्या.

उलटतपासणी

सगळा सिनेमा इथे उभा राहतो किंवा पडतो. सरतपासणी (साक्षीदाराचा स्वतःच्या बाजूने दिलेला पहिला जबाब) बहुधा प्रतिज्ञापत्रावर आलेली असते, त्यामुळे ‘तुमची कहाणी सांगा’ असा पाच मिनिटांचा फ्लॅशबॅक साक्षीत बसत नाही. उभे राहिल्याबरोबर समोरचा वकील सुरू होतो. त्याला खलनायक करू नका. आपला बचाव साक्षीदारापुढे सूचनेच्या रूपात मांडला नाही तर पुढे युक्तिवादात तो टिकत नाही, म्हणून सभ्य वकिलालाही घाणेरडा प्रश्न विचारावा लागतो. तो खाली बघत, चष्मा पुसत विचारतो. ओरडणारा वकील प्रेक्षकाला सुटका देतो. हा देत नाही.

आता लेखकांच्या हातून सर्रास सुटणारी गोष्ट. आपल्याकडे साक्ष प्रश्नोत्तरांत क्वचितच लिहिली जाते. न्यायाधीश उत्तर ऐकून ते साक्षीदाराच्या तोंडचे सलग वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. दृश्य असे लिहिता येते:

वकील: ‘दुकानाचे मालक रात्री तुम्हाला खोलीवर सोडायला यायचे ना?’
ती: ‘यायचे कधीतरी. दारातनंच परत जायचे.’
न्यायाधीश, टंकलेखकाकडे वळून: ‘हे म्हणणे खरे आहे की, दुकानाचे मालक मला रात्री खोलीवर सोडण्यास येत असत.’
वकील: ‘हे मूल त्यांच्यापासूनच झालेलं आहे.’
ती: ‘काय बोलताय तुम्ही!’
न्यायाधीश: ‘सदर मूल दुकानमालकापासून झाले, हे म्हणणे खरे नाही.’

‘दारातूनच परत जायचे’ गळाले. संताप गळाला. प्रश्नही नाहीसा झाला आणि त्यातली घाण तिच्या प्रथमपुरुषी वाक्यात येऊन बसली. इथे कुणीच दुष्ट नाही, बारा वाजलेत आणि बोर्डावर अजून बरीच प्रकरणे आहेत. शेवटी जबाब वाचून दाखवतात आणि तिची सही घेतात. तिने सहीआधी ‘ते दारातनंच परत जायचे, हे राहिलं’ म्हणणे हा तुमच्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू होऊ शकतो, आणि त्याला पार्श्वसंगीत लागत नाही. न्यायाधीश ते वाक्य घालायला सांगतात की घड्याळाकडे बघतात, ते तुमच्या कथेवर.

तिच्या वकिलाची हरकत कशावर? लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यात पीडितेच्या पूर्वीच्या संबंधांबद्दल किंवा चारित्र्याबद्दल विचारायला कायद्याने मनाई आहे. पण ती ढाल त्या खटल्यांपुरती आहे. पोटगीच्या अर्जात ती आपोआप मिळत नाही. तिथे पितृत्वच वादात असल्याने ‘दुसरा कोणी’ हा प्रश्न संबंधित ठरतो, आणि उरतो तो फक्त अश्लील किंवा अपमानासाठीच विचारलेले प्रश्न थांबवण्याचा न्यायाधीशांचा अधिकार. बलात्काराच्या फिर्यादीत जो प्रश्न विचारता येत नाही, तोच दुधाचे पैसे मागायला आली की विचारता येतो. तिच्या वकिलाने चुकीचे संरक्षण मागून फेटाळले जाणे आणि मग बरोबर मुद्द्यावर येणे, हा सात-आठ पानांच्या उलटतपासणीचा उत्तम कणा आहे. त्याहून लांबवू नका. दोन तासांच्या चित्रपटात प्रत्यक्ष कोर्टाची पाने चाळीसपर्यंत ठेवा, बाकीचा वेळ व्हरांडा, बस, झेरॉक्सचे दुकान आणि घर.

डीएनए

शेवटच्या दृश्यात लिफाफा फोडून ‘९९.९९ टक्के’ वाचणे आता कुणाला धक्का देत नाही. शिवाय चाचणी मागितली की मिळते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या गौतम कुंडू निकालापासून ती सरसकट करू नये असेच म्हटले आहे. आई विवाहित असती तर नवऱ्याचेच मूल हे कायदेशीर गृहीतक मध्ये आले असते. ती अविवाहित आहे म्हणून ते गृहीतक नाही आणि चाचणीचा मार्ग तुलनेने मोकळा आहे. म्हणजे ज्या गोष्टीवरून गाव तिला बोलते, तीच पुराव्यात तिच्या उपयोगी पडते. त्याने रक्त द्यायला नकार दिला तर त्याला धरून आणून सुई टोचत नाहीत. न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. आई, मूल आणि तो, तिघांचे नमुने घेतले जातात, सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, आणि अहवालाला वेळ लागतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर तिघे एका रांगेत बसलेले, मूल त्याच्या घड्याळाशी खेळू पाहते आहे. कथेची चाचणी तिथे होऊन जाते. लिफाफा मध्यंतराच्या आसपास उरकून टाका.

ढोंग कोणाकडे द्यायचे

‘समाज’ नावाचे पात्र लिहू नका. पत्ता असलेली माणसे लिहा: भाडेकरार संपवणारी घरमालकीण, जी पोरीला रोज दूध पाठवते, दाखल्यावर बापाचे नाव मागणारा लिपिक, साक्षीला येऊन ‘आमच्या गावात असलं काही चालत नाही’ म्हणणारा पोलीस पाटील. कागदांचे तपशील बरोबर ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिल्यावर जन्मदाखला द्यावाच, असे २०१५ च्या त्याच निकालात सांगितले आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. शाळाप्रवेशाच्या प्रसंगात याआधीचा आणि नंतरचा फॉर्म वेगळा दिसला पाहिजे, कला दिग्दर्शकाला हे लिहूनच द्या.

त्याच्या बायकोला विसरू नका, तो विवाहित असेल तर. आणि वारसाहक्काचा मुद्दा तिच्या तोंडी द्या: लग्नच न झालेल्या संबंधातल्या हिंदू मुलाला बापाकडून पोटगी मिळते, पण बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीत वाटा मिळत नाही, तो फक्त आईकडून. ‘पैसे देते महिन्याचे, शेतात पाय ठेवायचा नाही’ हे ती कायदा न शिकता बरोबर बोलते.

निकाल

न्यायाधीशाचे भाषण नको. आदेश दोन पानी असतो. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. ट्रॅक्टर आणि दोन दुकाने असलेल्या माणसाने स्वतःला ‘मजूर’ लिहिलेले इथे वाचून दाखवता येते. रक्कम मोठी ठेवू नका. नंतर त्याने ती भरली नाही तर वसुलीचा अर्ज, वॉरंट, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. जिंकल्यानंतर ती पुन्हा त्याच व्हरांड्यात उभी असते, फक्त नंबर वेगळा, हे पटकथेत तारखेसह लिहा.

पटकथा झाली की वकिलाला दाखवा, पण उच्च न्यायालयात वावरणाऱ्याला नव्हे. रोज दंडाधिकाऱ्यापुढे पोटगीची कामे चालवणाऱ्याला. अख्खी संहिता देऊ नका, कोणी वाचत नाही. अर्जाचे शीर्षक, ‘से’, उलटतपासणीची पाने आणि घटनांचा तारीखवार तक्ता द्या, आणि तीनच प्रश्न विचारा: हा अर्ज याच कोर्टात आला असता का, या तारखेला हेच कलम होते का, आणि यातला कोणता प्रश्न न्यायाधीशांनी विचारूच दिला नसता.